गेंड्याच्या कातडीची घडी

नाणी जमवते म्हटलं की गोव्यात समोरचं माणूस थेट पोर्तुगीज काळात जातं. आजोबांच्या पेटीत चांदीची एखादी रुपिया निघालेली असते, ती फडक्यातून सोडून दाखवली जाते आणि "हिचे किती येतील हो?" हा प्रश्न ठरलेला. मी कौतुकाने बघते, खरंच बघते. पण माझा जीव अडकलाय तो वेगळ्याच नाण्यांत. ती १९८८ नंतरची, पोलादी, आपण सगळ्यांनी हाताळलेली आणि फारशी कुणी न पाहिलेली. त्यातलं सगळ्यांत लाडकं म्हणजे गेंडा असलेलं पंचवीस पैशांचं नाणं.

१९ मिलिमीटर व्यास, २.८३ ग्रॅम वजन, ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम असलेलं पोलाद. एका बाजूला सिंहांची राजमुद्रा, दुसऱ्या बाजूला एकशिंगी गेंडा. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. त्याच्या कितीतरी आधीपासून दुकानदार ती घेईनासे झाले होते. खऱ्या एकशिंगी गेंड्याच्या अंगावर कातडीच्या जाड घड्या असतात, तशा त्या कोरणाऱ्याने इतक्याशा जागेत बसवल्या आहेत. ठसा चांगला उठला असेल तर खांद्यामागची घडी वरून खाली एकसंध उतरते आणि दिव्याखाली नाणं कललं की तिच्या कडेची बारीक सावली पडते. ठसा फसला असेल तर तिथे नुसता गुळगुळीत फुगवटा. अशी दोन नाणी माझ्याकडे शेजारी शेजारी आहेत. साल एक, टांकसाळ एक, दोन्ही कुणाच्या खिशात कधी न गेलेली. बाजारात दोन्हींना 'अनसर्क्युलेटेड' म्हणतील आणि दोन्हींचा भाव सारखाच लावतील. मला हे पटत नाही.

नाणं नीट राहणं आणि नाणं नीट घडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राखणं आपल्या हातात असतं. घडणं मात्र एका दाबाच्या क्षणात उरकतं आणि पुन्हा कधी होत नाही. त्या क्षणी जे उठलं नाही ते पुढे कितीही जपलं तरी उठणार नाही. म्हणून आधुनिक नाणी निवडताना मी आधी ठसा बघते, ओरखडे नंतर. सगळी घडी उठलेल्या गेंड्याच्या पोटावर टांकसाळीच्या पिशवीत इतर नाण्यांवर आपटून बसलेला एखादा टोला असला तरी तो मी घेईन. निर्मळ पण अर्धवट गेंडा ठेवून देईन. बऱ्याच संग्राहकांचा क्रम नेमका उलटा असतो.

नाण्यावर चित्र उठतं म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घ्यावं. धातूचा पट्टा लाटून त्यातून चकत्या कापतात. लाटल्याने धातू ताठ झालेला असतो, म्हणून चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन घासून उजळतात, त्यांची कड थोडी उचलून घेतात. मग ती चकती कॉलरच्या कड्यात बसते, वरून-खालून दोन डाय, म्हणजे उलटं चित्र कोरलेले साचे, तिला दाबतात आणि धातू क्षणभर अक्षरशः वाहतो. डायमध्ये जिथे खोल कोरलेलं असतं तिथे तो शिरतो, आणि नाण्यावर तो भाग उंच दिसतो. साच्यात मोदक करताना उकड जरा कमी पडली की कडा नीट येतात पण टोकाला कळी उठत नाही, नेमकं तसंच. धातू सगळ्यांत शेवटी पोचतो तो सगळ्यांत खोल जागी. नाण्याच्या ठशाची परीक्षा त्या जागेवरच करायची असते.

आता गेंड्याची अडचण बघा. त्याचं धड नाण्याच्या मधोमध आहे. मागच्या बाजूला मधोमध सिंहांच्या छात्या. म्हणजे दोन्ही बाजूंच्या खोल जागा साधारण पाठीला पाठ लावून आहेत, आणि मधला धातू दोघांनी वाटून घ्यायचा आहे. त्यात पोलाद तांबं-निकेलच्या मिश्रधातूपेक्षा कठीण. ते सहजी वाहत नाही आणि डायही लवकर झिजवतं. चकती पुरेशी मऊ झाली नसेल, दाब थोडा कमी पडला असेल, किंवा डाय जास्त टिकावेत म्हणून त्यांच्यातलं अंतर केसभर जास्त ठेवलं असेल, तर पहिला बळी जातो गेंड्याच्या खांद्याचा आणि मधल्या सिंहाच्या छातीवरच्या आयाळीचा. कडेची अक्षरं मात्र शाबूत राहतात, त्यामुळे घाईत बघणाऱ्याला नाणं ठीकच वाटतं. मिनिटाला शेकडो नाणी पडतात अशा यंत्रावर हे व्हायचंच. मला नवल वाटतं ते उलट गोष्टीचं. इतक्या वेगात, चार आण्यांसाठी, कधीतरी सगळं जुळून येतं आणि आयाळीची बट न् बट सुटी उठते.

सगळ्यांत अवघड काय असेल तर झीज आणि फसलेला ठसा यांतला फरक ओळखणं. दोन्हींत उंच भाग सपाट दिसतो. मला तो फरक कळला एका झिजलेल्या गेंड्यामुळे. कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या बाईंच्या डब्यात बंद झालेल्या नाण्यांची एक पुरचुंडी होती. "घेऊन जा गो बाय, कोण घेत नाही ती," म्हणाल्या. त्यातला एक गेंडा मी घरी आणून फसलेल्या ठशाच्या कोऱ्या गेंड्याशेजारी ठेवला. झिजलेल्याच्या खांद्याचा रंग भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा वेगळा होता, किंचित काळपट, आणि नाणं फिरवलं की त्या जागी चकाकी तुटत होती. हाताहातांतून फिरताना धातूचा वरचा थरच गेलेला. कोऱ्याच्या खांद्यावर रंग तुटत नव्हता. तिथे भिंगाखाली बारीक बारीक रेघा आणि खड्डे दिसले, इकडून तिकडे वाटेल तसे गेलेले. ते नाण्याचे ओरखडे नव्हतेच. ते मूळ चकतीचे होते, डायच्या दाबाने जे पुसले जायला हवे होते. डाय तिथवर पोचलाच नव्हता, म्हणून चकतीची जन्मखूण तशीच राहिली. ही गोष्ट एकदा डोळ्यांनी पाहिली की मग विक्रेता "ताई, जरासा घासला गेलाय, बाकी कोरा आहे" म्हणाला तरी आपल्याला कळतं की तो घासला गेलेला नाही. आणि कधी कधी "ठसाच तसा आहे" असं सांगून झिजलेलं नाणं गळ्यात मारायला बघतात, तेही कळतं.

यासाठी लागतो एक दिवा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात सगळी नाणी सारखी दिसतात. टेबलावर एकच बल्ब, बाकी खोली अंधारी, नाणं कडेला धरून त्या उजेडात हळूहळू कलतं करायचं. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे मध्यापासून कडेकडे गोल फिरतात. ही फिरती चकाकी येते धातूच्या वाहण्यातून. वाहताना त्याने केलेल्या अतिसूक्ष्म रेघांवर उजेड खेळतो. पण इथे एक सापळा आहे. डाय वापरून वापरून झिजतो तसतशा त्यावरच्या या रेघा वाढतात, आणि काही काळ नाणी जास्तच झगमगतात. त्याच वेळी अक्षरांच्या कडा मात्र बोथट होऊन बाहेरच्या बाजूला ओढल्यासारख्या दिसायला लागतात. म्हणजे सगळ्यांत चमकणारं नाणं सगळ्यांत रेखीव असेलच असं नाही. ताज्या डायचं नाणं कधी कधी शांत, साटीनसारखं दिसतं आणि भल्याभल्यांच्या नजरेतून निसटतं. मी आधी नुसत्या डोळ्यांनी बघते, मग भिंग घेते. रुपयाच्या नाण्यावर सिंहांखाली जे 'सत्यमेव जयते' आहे ते वाचायचा प्रयत्न करून बघा. शिरोरेघ सलग आहे का, 'त्य'चा जोड सुटा दिसतो का, मात्रा भरून गेली आहे का. बऱ्याच नाण्यांवर तिथे अक्षरांऐवजी नुसती दाणेदार रेघ असते.

बँकेतले एक ओळखीचे कॅशियर नवीन पाकीट फोडायच्या आधी मला निरोप पाठवतात. "वहिनी, विसाची आलीत." बारा कोनांचं हे वीस रुपयांचं नाणं मार्च २०१९ मध्ये जाहीर झालं. २७ मिलिमीटर, ८.५४ ग्रॅम, बाहेरचं कडं निकेल-सिल्व्हरचं आणि आतली चकती निकेल-ब्रासची. दोन वेगवेगळे धातू एकाच दाबात घट्ट बसवायचे आणि त्याच दाबात दोन्हींवर चित्रही उठवायचं, हे सोपं काम नाही. मी त्यावरच्या धान्याच्या कणसांकडे बघते. दाणे सुटे उठले आहेत का, की कणसाची काठी झाली आहे? सालाखालची खूण बघते. मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि खूण नसेल तर कोलकाता. पाकिटातलं एखादंच ठेवावंसं वाटतं. बाकीची बाजारात भाजीवाल्यांकडे जातात, आणि सुट्टे मिळाल्याचा त्यांना आनंदच होतो.

अमेरिकेत या विषयावर फार मेहनत झाली आहे. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी एक ते सत्तर अशी श्रेणी मांडली. मुळात ती किमतीची मोजपट्टी होती: सत्तर श्रेणीचं नाणं एक श्रेणीच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. पुढे तीच श्रेणी सगळ्या नाण्यांना लागू झाली. साठपासून सत्तरपर्यंतची कोऱ्या नाण्यांसाठी. १९८०च्या दशकात पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्यांनी नाण्याला श्रेणी देऊन प्लास्टिकच्या पेटीत बंद करण्याचा व्यवसाय सुरू केला. आज आपल्याकडचे संग्राहकही तिकडे नाणी पाठवतात. माझं त्याला काही वावडं नाही, पण श्रेणीचा एक आकडा ठसा, चकाकी, ओरखडे आणि एकंदर देखणेपण या चारही गोष्टी एकात घालतो, आणि सहासष्ट म्हटलं की त्यातलं काय कमी-जास्त आहे ते आकड्यावरून समजत नाही. तिथल्या जाणकारांनाही हे जाणवलं असणार. म्हणून तर जेफर्सनच्या पाच सेंटच्या नाण्याला श्रेणीखेरीज 'फुल स्टेप्स' असा वेगळा शेरा मिळतो. त्या नाण्यावर जेफर्सन यांचं मॉन्टिसेलो हे घर आहे. घराला पायऱ्या आहेत सहा, आणि त्यातल्या निदान पाच अखंड दिसल्या तरच हा शेरा. काही वर्षांची नाणी लाखोंनी पडली, पण पायऱ्या नीट उठलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सापडतात, आणि त्यांच्यासाठी माणसं कितीतरी जास्त पैसे मोजतात. आपल्या गेंड्याच्या खांद्यासाठी असा शेरा अजून कुणी काढलेला नाही. काढायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कुणी म्हणेल, गोव्यात बसून हे कशाला? इथे तर आफोंसो द आल्बुकर्कने १५१० मध्येच नाणी पाडायला सुरुवात केली. पणजीत पोस्टाजवळ कासा द मोएदा अजून उभी आहे, १८३४ ते १८४१ या काळात तिथे टांकसाळ होती. खरं आहे, आणि मी त्या घरासमोरून जाताना दरवेळी थांबते. पण हातोड्याने पाडलेल्या नाण्याकडे आपण वेगळ्या डोळ्यांनी बघतो. हात चुकतो, ठसा एका बाजूला सरकतो, अर्धं अक्षर कडेबाहेर जातं, आणि ते सगळं आपण मान्य केलेलं असतं. तिथे पूर्ण नाणं कसं असायला हवं होतं याचा नमुनाच आपल्यासमोर नसतो. यंत्राच्या नाण्याचं तसं नाही. यंत्राने वचन दिलेलं असतं की प्रत्येक नाणं सारखं निघेल, आणि कोरणाऱ्याने काय कोरलं होतं हे चांगल्या नाण्यावरून आपल्याला माहीत असतं. म्हणूनच किती कमी पडलं ते मोजता येतं.

पोर्तुगीज नाण्यांतली मला सगळ्यांत प्रिय ती अगदी शेवटची, १९५८-५९ची एस्कुदोची मालिका. रुपिया जाऊन एस्कुदो आले, सहा एस्कुदोंचा एक रुपिया असा हिशेब होता, आणि गोवा मुक्तीनंतर तेही गेले. लिस्बनच्या टांकसाळीत पाडलेली यंत्राची नाणी, त्यातले एस्कुदो तांबं-निकेलचे. त्यावरच्या राजचिन्हात पाच छोट्या ढाली आहेत आणि प्रत्येक ढालीत पाच ठिपके. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकदा एक एस्कुदो भिंगाखाली धरला, तर पाचही ढालींतले ठिपके सुटे, गोल आणि टचटचीत. विकणारा म्हणाला, "बाई, ही काय जुनी नाही, चांदीची दाखवतो." मी तेच घेतलं. चांदीची रुपिया कुणीही ओळखेल. ते पंचवीस ठिपके उठायला त्या दिवशी चकती, दाब आणि डाय या तिघांचं किती जमलं असेल, याचा विचार करत मी घरी आले.

गोव्यात कोरं नाणं कोरं ठेवणं ही रोजची लढाई आहे. समुद्राची खारी हवा आणि मृगापासूनचा पाऊस. पोलाद टिकतं, पण पाच रुपयांच्या पिवळ्या नाण्यांवर डाग उठायला एक पावसाळा पुरतो, आणि बोटाचा ठसा तर कायमचा उमटतो. म्हणून नाणं कडेलाच धरायचं. मऊ पीव्हीसीची स्वस्त पाकिटं घेऊ नका. दमट हवेत त्यातून रसायन सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. लवकर लक्षात आलं तर शुद्ध ॲसिटोनने तो निघतो, उशीर झाला तर खाली धातू खाल्लेला असतो. मायलर या पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची पाकिटं किंवा कडक कॅप्सूल घ्या, डब्यात सिलिका जेल ठेवा आणि तिची पुडी बदलायला विसरू नका. आणि काही झालं तरी चिंच, लिंबू, रांगोळी नाण्याला लावू नका. घासलं की चकाकीच्या त्या सूक्ष्म रेघाच जातात. नाणं चकचकीत होतं पण प्रकाश त्याच्यावर फिरत नाही, नुसता आपटतो. सासूबाई लक्ष्मीपूजनाला ताम्हनात नाणी मांडतात, हळद-कुंकू वाहतात. त्यासाठी मी चांगली चमकणारी रुपयाची नाणी वेगळी काढून देते, आणि माझा डबा त्या दिवशी कपाटात असतो. अहेराच्या पाकिटावर चिकटवलेल्या रुपयाचं मात्र मला दरवेळी वाईट वाटतं. बहुतेक ते नाणं अगदी नवं असतं आणि गोंदाने कायमचं डागाळतं.

महाराष्ट्रातून येणारे पाहुणे १९९९चं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं विचारतात. अकरा कोनांचं, तांबं-निकेलचं. भरपूर मिळतं, पण जिरेटोपावरची नक्षी आणि दाढीची रेघ स्वच्छ उठलेलं निवडायचं तर पुष्कळ चाळावी लागतात. चेहरा उंच, म्हणजे डायमध्ये खोल, म्हणजे धातू शेवटी पोचणार. महाराजांचा गाल सपाट असलेलं नाणं मी कुणाला भेट देत नाही.

पैशांबद्दल एकच सांगते. मोबाइलवर जुन्या नाण्यांना लाखो रुपये देतो असे संदेश फिरतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने फी मागणारेही निघाले, इतके की २०२१च्या ऑगस्टमध्ये बँकेला जाहीर सूचना काढावी लागली. डायमध्ये वंगण भरून एखादं अक्षर उठलं नाही की तेही 'दुर्मीळ एरर' म्हणून विकतात. वंगणाने भरलेला डाय ही टांकसाळीतली रोजची गोष्ट आहे. ज्याला नाणी आवडतात त्याने असल्या नाण्यांवर खर्च करू नये.

सुरुवात करायची असेल तर गेंडाच घ्या. कोरे मिळतात आणि परवडतात. एकाच सालाचे, एकाच खुणेचे पाच घ्या. एका दिव्याखाली रांगेत लावा आणि चांगल्यापासून वाईटापर्यंत क्रम लावून बघा. आधी कडेची अक्षरं, मग सिंहाची छाती, मग खांदा, आणि सगळ्यांत शेवटी ओरखडे. रांगेतला पहिला आणि शेवटचा पटकन ठरतात. मधल्या तिघांवर वाद होतो. आमच्या घरी तो अजून चालू आहे. माझ्या भाच्याचं म्हणणं, ठसा जवळपास सारखा असेल तर ज्याची चकाकी जास्त तो वर. मी म्हणते, 'जवळपास सारखा' असं काही नसतं, भिंग घे आणि पुन्हा बघ. मग तो भिंग घेतो.